सिस्टरचं इंजिन

सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा हॉस्पिटलने त्यांना घड्याळ दिलं. आता जिच्याकडे वेळच वेळ, त्या बाईला घड्याळ! त्यांनी ते भावाच्या गळ्यात मारलं आणि भंगारवाल्याकडून पाणी उपसायचं एक बंद पडलेलं इंजिन आणलं.

इमारतीच्या रिकाम्या गॅरेजात ते मांडलं. मनोरुग्णांच्या वॉर्डात जन्म गेलेल्या सिस्टरना एक पक्कं ठाऊक होतं. लढाईहून परतलेल्याला खुर्चीत बसवून "कसं वाटतंय?" विचारलं, की तो "ठीक" म्हणतो आणि तोंडाला कुलूप लावतो. हातात पाना दिला, की नटबोल्टाशी झटापट करता करता आपसूक बोलतो. दर रविवारी माजी सैनिक इंजिन उघडत, मन मोकळं करत आणि ते पुन्हा जोडून ठेवत. त्यांच्या बायका बाकावर बसून आपलं गाऱ्हाणं सांगत. फी नाही. नियम एकच, इंजिन चालू करायचं नाही. "चालू झालं तर पुढच्या रविवारी काय माझं डोकं उघडणार?"

सोसायटीचे सेक्रेटरी मात्र टपलेलेच. "सिस्टर, आणखी एक तक्रार आली की या वेड्यांच्या दुकानाला कुलूप."

"आधी बीपी तपासून घ्या. चेहरा बघा कसा लाल झालाय."

नव्याने आलेला ड्रायव्हर सैन्यात ट्रक चालवायचा. घरी परतल्यापासून मुका. त्याची बायको म्हणाली, "मावशी, हे इथे बोलले नाहीत तर कुठेच बोलणार नाहीत. एवढं दार बंद होऊ देऊ नका."

पण नियम त्याला सांगायचा राहूनच गेला. बाकीचे कुणाचा गुडघा जास्त दुखतो यावर भांडत असताना त्याने गुपचूप इंजिन जुळवलं आणि हँडल मारलं.

धडाम्!

क्षणात सगळे माजी सैनिक जमिनीवर आडवे. तोफखान्यातले काका बाकाखाली, हातातला चहाचा कप मात्र सरळ. ड्रायव्हर डोकं धरून पालथा पडला होता. सेक्रेटरी कुलूप घेऊनच धावत आले.

"हे काय चाललंय?"

सिस्टरनी कुलपाकडे पाहिलं. मग कुरकुरणारे गुडघे दुमडून त्या तेलकट फरशीवर ड्रायव्हरशेजारी आडव्या झाल्या. "मीटिंग."

"त्या दिवशी असाच आवाज झाला," ड्रायव्हर फरशीला गाल लावून म्हणाला. "मागच्या ट्रकमध्ये माझा दोस्त होता. मी थांबलो नाही."

"थांबायचं नाही असा हुकूम असतो रे," बाकाखालून काका.

"हुकूम होता, काका. पण मला थांबायचं होतं."

बायकोने शेजारी आडवं होऊन त्याची बाही धरली.

"सिस्टर, उठा. कुलूप लावायचंय," सेक्रेटरी म्हणाले.

"त्याचं बोलून होईतो कुणी उठणार नाही. घाई असेल तर आम्हाला आत ठेवून लावा. आणि दारातून बाजूला व्हा, उजेड अडतोय."

संध्याकाळी सगळे बाहेर पडल्यावर कुलूप लागलंच. पण तोवर सिस्टरनी इंजिन सुटं करून ज्याच्या त्याच्या हाती एकेक भाग दिला होता. जड धड दोघांनी उचलून नेलं.

पुढच्या रविवारी सेक्रेटरींच्या खिडकीखाली, भर अंगणात, पिशव्यांतून इंजिन बाहेर आलं. खिडकीत सेक्रेटरी, हातात किल्ली.

"सिस्टर," ड्रायव्हर हँडल उंच धरून मोठ्याने म्हणाला, "चालू करून दाखवू?"

"थांब रे. आधी बोलून घेऊ," सिस्टरनी वर पाहिलं. "तोवर साहेबही ठरवतील, आवाज अंगणात हवा की गॅरेजात."