जाळीची चौथी बाजू

आमच्या अकोल्याच्या गल्लीत सोलरच्या प्लेटांखाली कबुतरं घरटी करतात, म्हणून जाळी लावायला अकोटहून एक जण येतो. त्याला बसलेलं मी कधी पाहिलं नाही. चहा उभ्यानंच घेतो, बोलताना कठड्यावर बोटं वाजवत राहतो. त्याला पाहून मलाही एका जागी थांबवत नाही.

तीन बाजूंना जाळी लागली, की तो तापलेल्या गच्चीवर पालथा पडतो आणि प्लेटांखाली कान देऊन ऐकतो. चौथी बाजू त्यानंतरच. शेजारच्या गच्च्यांवर मी हे कितीदा तरी पाहिलंय.

आमच्याकडे आला त्या दिवशी त्याची एसटी सुटायची वेळ झाली होती. "ताई, आत काही आवाजगिवाज?" त्यानं विचारलं.

सकाळीच मी बारीक चीं-चीं ऐकली होती. पण रोज कबुतरांची घाण धुऊन मी वैतागले होते. "नाही," मी म्हणाले. त्यानं न वाकता चौथी बाजू बंद केली आणि गेला.

अर्ध्या तासात घामाघूम होऊन परत. "गाडीत बसलो होतो, पन मन लागून नाही राहिलं," एवढंच बोलला आणि स्वतःच लावलेली जाळी कापली. आत दोन पिल्लं होती, पंखही न फुटलेली. मला वाटलं, आता विचारेल, कावून सांगितलं नाही म्हणून. तो म्हणाला, "उडू द्या या पिल्लायले. महिन्यानं येतो मी."

महिन्यानं आला. "आता आत कोणी नाही," मी म्हणाले. या वेळी ते खरं होतं.

त्यानं मान हलवली आणि पालथा पडला.