न वळलेली मान

एका बाईची न वळलेली मान माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. अत्याचार झालेल्या मुलीची ती मावशी. मुलीला हाताला धरून पोलीस ठाण्यात तीच घेऊन गेली होती. खालच्या कोर्टात बाजूला उभ्या माणसाकडे बोट दाखवून तिला विचारलं, "या आरोपीला ओळखता का?" ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "नाही, साहेब." पोलिसांना दिलेला जबाब फिरवला म्हणून ती फितूर ठरली. मुलीची वकील म्हणून मी तिथेच बसले होते.

आज अपिलात न्यायमूर्तींनी तिच्या साक्षीचं पान उघडलं. फितूर साक्षीदाराचं सगळंच टाकून देत नाहीत; खडे काढून तांदूळ ठेवावेत, तसं खरं तेवढं ठेवायचं असतं. मी म्हणाले, "तिनं त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं."

"मॅडम, हे रेकॉर्डवर कुठं आहे?" न्यायमूर्तींनी विचारलं.

कुठंच नव्हतं. कागदावर 'नाही' तेवढं उतरलं. ताठ झालेली मान कोण टाइप करणार?

अनोळखी माणसाकडे आपण आधी बघतो, मग नाही म्हणतो. मावशी साक्ष संपल्यावरही भिंतीच्या कडेकडेनं, खाली बघतच बाहेर गेली. कुठं बघायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.