बानं सांगितलं नव्हतं

माझ्या बाला गावात फितूर म्हणतात. त्या दुपारी जे आमच्या दारात उभे होते, तेच म्हणतात. त्यांच्या कानांवर बाचं जे बोलणं पडलं तेच मी लिहितो आहे. एक अक्षर जास्त नाही.

बेचाळीसच्या चळवळीच्या पुढचा उन्हाळा. पोशीरपासून कळंबपर्यंत आम्ही पत्रकं वाटत होतो, आणि ती लिहायचं काम माझं. वॉरंट निघालं म्हणून मी आमच्याच घरात माळ्यावर पेंढ्याआड पडून होतो. भीती पोलिसांची नव्हती. बाची होती.

पूर्वी पाण्याच्या पाळीवरून भांडणं लागली की दोन्हीकडचे लोक बाच्याकडे यायचे, कारण त्याच्या कानी घातलेलं बाहेर फुटत नसे. साठी उलटली आणि दोनेक वर्षांत माणूस पालटला. विसरला काहीच नाही. कुणी कुणाचा बांध कोरला, सगळं पाठ. फक्त मनातलं आणि तोंडातलं यांच्या मधलं दार निखळलं. पंगतीत शेजाऱ्याच्या पत्रावळीवरची भाजी उचलून खाल्ली. भर मांडवात व्याह्याला म्हणाला, "तुझा पोरगा चोरून पितो रं, माझी पोरगी सांगत व्हती." हातात काम घेतलं की थांबत नसे, थांबवलं की खवळे. वैद्य म्हणाला, वात. आळी म्हणाली, म्हाताऱ्याला माज आलाय.

आणि मी शहाण्यानं काय करावं? मी त्याला पढवायला घेतलं. रोज सकाळी माळ्यावरून डोकं काढून, सभेआधी पोरांकडून घोषणा घटवून घेतात तसं.

"बा, काय सांगायचं नाय?"

"माळ्यावर हाय ते सांगायचं नाय."

"पुन्हा."

आई चुलीपाशी चरफडायची. "जे नको तेच त्यांच्या तोंडात कशाला कोंबतोस रं? हाताला काम दे. काम असलं की तोंड कामाचंच बोलतं."

"तुला यातलं कळत नाय," मी म्हणालो. पत्रकांत स्त्रियांच्या जागृतीवर लिहिणारा मी.

सहाव्या दिवशी दुपारी हवालदार आला. दोन शिपाई, पाटील, मागं अर्धी आळी. आईनं झटकन टहाळाचा ढीग बापुढं ओढला. भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजतात, त्यासाठी तोडून वाळवलेल्या फांद्या त्या. मोळ्या बांधून शेतावर न्यायच्या होत्या. बा बांधू लागला.

"आजोबा, पोरगा कुठाय?"

"बंध दे गं."

"पोरगा कुठाय, विचारतोय."

"ह्यो आखूड हाय. दुसरा दे."

फळ्यांच्या फटीतून मला त्याचे हात दिसत होते. एक मोळी झाली, दुसरी झाली. हवालदाराचा आवाज चढत गेला, बाचं बोलणं बंधापलीकडे गेलं नाही. पाटील म्हणाला, "साहेब, डोकं गेलंय त्याचं. चला." शिपाई वळलेसुद्धा.

जाता जाता हवालदारानं बुटानं मोळी उडवली आणि बाच्या हातातला बंध हिसकला. बाचे हात तसेच हवेत गाठ मारत राहिले. मग तो खवळून उठला.

"मी नाय सांगणार!" तो ओरडला. "माळ्यावर हाय ते मी सांगणार नाय!"

दारात कुणीतरी फिसकन हसलं.

त्याच्या अंगावर हात पडायच्या आत मी उतरलो. बेड्या पडत होत्या तेव्हा बा जवळ आला. घामानं डबडबलेला, पण मान ताठ.

"सांगितलं नाय रं मी."

"नाय सांगितलंस, बा."

तुरुंगात आमच्या बराकीत एक डॉक्टर होते. ते म्हणाले, "म्हातारपणी काहींचा मेंदू अशा जागी झिजतो की माहिती शाबूत राहते, आवर जातो. काय बोलू नये हे तुझ्या वडिलांना कळत होतं. न बोलायला जे लागतं ते उरलं नव्हतं." मग म्हणाले, "आणि तू तेच वाक्य पाठ करून घेतलंस?"

सुटून आलो तर चळवळीतल्या आमच्याच मंडळींनी फितुरांच्या यादीचं पत्रक तयार ठेवलेलं. चौथं नाव बाचं.

"तो आजारी आहे," मी म्हणालो.

"नाव फुटलं की सगळेच आजारी पडतात," आमचा चिटणीस म्हणाला. "बोलला की नाही, एवढं सांग. जो बोलला तो फितूर, हे तुझंच वाक्य आहे."

माझंच होतं. मी पेन्सिल घेतली, बाचं नाव खोडलं आणि तिथं माझं लिहिलं.

"नाटकं करू नकोस."

"छापा, नाहीतर फाडा."

दोन्हींतलं काहीच केलेलं नाही त्यांनी. यादी अजून चिटणीसाच्या टेबलाच्या खणात आहे. मी रोज संध्याकाळी जाऊन त्या टेबलासमोर बसतो.