सुमनबाईंच्या चेहऱ्याचा रेट

“पर हेड किती ते सांगा मॅडम, बाकीचं मला काही कळत नाही,” निनाद म्हणाला.

इंदिरानगरच्या माझ्या स्टुडिओत तो समोर बसला होता. दिंडोरीकडच्या एका द्राक्ष कंपनीचा मार्केटिंग मॅनेजर. वय तिशीच्या आसपास. कंपनीच्या बागांत काम करणाऱ्या एकवीस जणांचे पोर्ट्रेट हवे होते, ऑफिसच्या भिंतीसाठी आणि ब्रोशरसाठी.

“आठशे रुपये. लाइट, एडिटिंग सगळं धरून.”

“आणि राइट्स आमचे ना?”

“तुमचेच. मेलमध्ये लिहून देते.”

दोन मिनिटांत काम ठरलं. ते शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं.

मी बावीस वर्षं माणसांचे फोटो काढते. पासपोर्ट, शाळेची ओळखपत्रं, स्थळासाठीचे फोटो, साठीच्या समारंभाचे फॅमिली पोर्ट्रेट. या धंद्यात हिशेब पर हेड, म्हणजे माणशी असतो. माणूस बसला, फोटो निघाला, घेऊन गेला, विषय संपला. कंपनीच्या कामाचं तसं नसतं. तिथे फोटो काढायचे पैसे थोडे आणि तो वापरायचे जास्त. तोच फोटो ऑफिसच्या भिंतीवर असेल तर एक रेट, खोक्यावर छापला तर दुसरा, हायवेच्या होर्डिंगवर गेला तर तिसरा. किती ठिकाणी आणि किती दिवस, तेही लिहून घ्यायचं असतं. याला यूसेज म्हणतात.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मोबाइल आल्यापासून स्टुडिओत येणारी माणसं निम्म्यावर आली होती. कंपनीचं वर्षभराचं काम मिळेल असं डोक्यात होतं. जास्त प्रश्न विचारले तर पोरगा दुसरीकडे जाईल, म्हणून विचारले नाहीत.

ऐन तोडणीच्या दिवसांत शूट झालं. पॅकिंग शेडच्या एका कोपऱ्यात मी काळा पडदा लावला. बायका एकेक करून स्टुलावर बसत होत्या. सुमनबाई त्यांच्या मुकादम. पंचावन्नच्या पुढच्या, उन्हाने रापलेल्या, डोळे एकदम स्थिर. त्यांचा नंबर आला तशी मागून एक पोरगी म्हणाली, “सुमनकाकू, लिपस्टिक लावा की थोडी.”

“लावते ना. तुझ्या नवऱ्याला म्हनावं आनून दे.”

शेड हसली. सुमनबाई हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, “ताई, ह्यो फोटो कुठं लावनार?”

“ऑफिसात. भिंतीवर.”

“मंग माळ दिसू द्या.”

आणि त्यांनी पदराआडची तुळशीची माळ बाहेर काढून नीट केली. त्या दिवसातला सगळ्यात चांगला फोटो तोच होता, हे मला कॅमेऱ्यातच कळलं.

ज्याचा फोटो वापरायचा त्याची लेखी परवानगी लागते. तिला मॉडेल रिलीज म्हणतात. तो फॉर्म मीच निनादला दिला होता, नेटवरून उतरवलेला, इंग्रजीत. कंपनीच्या क्लार्कने मस्टरवर सह्या घेतात तशा सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मी त्या वेळी लाइट लावत होते.

आषाढात सुमनबाई मुलीला घेऊन स्टुडिओत आल्या. मुलीने मोबाइल पुढे केला. त्यांच्या गावाच्या फाट्यावरचं होर्डिंग होतं. कंपनीने वाइन सुरू केली होती. दारूची उघड जाहिरात करता येत नाही, म्हणून बोर्डावर ‘मळा पाहायला या’ एवढंच लिहिलेलं. पण डावीकडे भरलेला ग्लास होता आणि उजवीकडे वीस फुटांच्या सुमनबाई, माळेसकट.

“तुमी भिंतीवर म्हनल्या व्हत्या,” सुमनबाई म्हणाल्या.

“मला तेवढंच सांगितलं होतं.”

“श्रावनात आमच्या गावात सप्ता ऱ्हातो. दुपारचा वीना माझ्याकडं असतो, नऊ वरसं झाली. औंदा वीन्याच्या पहाऱ्याच्या यादीत नाव नाय धरलं. कोनी काय बोललं नाय. नुसतं नाय धरलं.”

मुलगी म्हणाली, “पक्की यादी आठ दिवसांनी छापणार आहेत मॅडम. तोवर बोर्ड निघाला तर बोलता तरी येईल.”

मी दुसऱ्याच दिवशी निनादच्या ऑफिसात गेले. त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. माझाच मेल. सगळे हक्क कंपनीचे, कायमचे. मी म्हणाले, “अरे, ती माळकरी बाई आहे. दुसरा कोणाचाही फोटो लाव. हवं तर मी नवीन शूट फुकट करून देते.”

“मॅडम, कॅम्पेन त्याच चेहऱ्यावर चाललंय.” मग त्याने कागद ओढला. “तीन होर्डिंग. दोन महिन्यांचं भाडं भरलंय. डिझाइन, छपाई, चढवणं-उतरवणं. आणि मधल्या काळात जागा रिकामी राहणार, ते वेगळं.” आकडा साडेतीन लाखांच्या पुढे गेला. एकवीस चेहऱ्यांचे मिळून मी सोळा हजार आठशे घेतले होते. वापराचा हिशेब त्याला माझ्यापेक्षा चांगला येत होता.

माझा चेहरा पाहून तो जरा नरमला. “त्यांना माळच खटकतेय ना? मग माळ काढून टाका. तुम्ही एडिट करून द्या, फाट्यावरचा फ्लेक्स मी स्वखर्चाने बदलतो. परवापर्यंत.”

मला तो तोडगा वाटला. मी स्टुडिओत आले आणि माळ काढली. मण्यांखालची कातडी जुळवायला वेळ लागला, तरी अर्ध्या तासात फाइल गेली. सुमनबाईंचा नंबर मोबाइलमध्ये होता. काम झालं की सांगू, असं मनाशी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला.

“ताई, माझी माळ कोनी काढली?”

“मी काढली. मला वाटलं, त्याने लोकांचं बोलणं थांबेल.”

सुमनबाई म्हणाल्या, “आधी म्हनायचे, माळ घालून दारू इकते. आता म्हनत्यात, दारूसाठी माळ उतरवली. ह्यातलं कोन्तं बरं, तुमीच सांगा.”

मी कॉम्प्युटरवर माळेचा मूळ फोटो उघडला.

“इचारायचं तरी एकदा,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी निनादला जुनाच फोटो परत लावायला सांगितलं. तो म्हणाला, “मॅडम, किती वेळा छापू?” त्याच्या मागे लागण्यात चार-पाच दिवस गेले. मग मी सुमनबाईंच्या गावी जाऊन सप्ताह समितीच्या अध्यक्षांना भेटले. फोटो मी काढला, माळ मी काढली, बाईंचा यात काही दोष नाही, हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “तुमचं खरं असंल बाई. पन यादी कालच छापून आली.”

सप्ताहातल्या एका दुपारी मी पुन्हा गेले. देवळात वीणा दुसऱ्या बाईंच्या हातात होती. सुमनबाई मंडपात पंगतीला वाढत होत्या. मला पाहिलं, हाताने बसायची खूण केली, दोनदा भात वाढला आणि पुढच्या पानाकडे गेल्या. भाड्याची मुदत संपल्यावर होर्डिंग उतरलं. तोवर सप्ताह होऊन पंधरा दिवस झाले होते. त्यानंतर सप्ताहाच्या शेवटच्या, काल्याच्या कीर्तनाला सुमनबाईंकडून मला कधी बोलावणं आलं का म्हणाल, तर नाही. यादीत त्यांचं नाव पुन्हा लागलं का, हे विचारायला मी फोन केलेला नाही. चारदा नंबर काढून ठेवून दिला.

आता कोणी पर हेड विचारलं की मी आधी विचारते: फोटो कुठे लागणार, किती दिवस, आणि कशाच्या शेजारी. पहिल्या दोन प्रश्नांनी रेट ठरतो. तिसऱ्याने कधीकधी काम जातं. परवानगीचा फॉर्म मराठीत आहे. तो मी स्वतः वाचून दाखवते, स्टुलावर बसायच्या आधी. त्यात अर्धा दिवस जातो आणि तो मी बिलात लावते. क्लायंट कुरकुर करतात. हे सगळं एकवीस माणसांपुरतं तेव्हा केलं असतं, तर निनादचं काम बहुतेक माझ्या हातून गेलं असतं. तेवढंच नुकसान झालं असतं, आणि ते माझं.