यादीतली आर. म्हात्रे

सामन्याआधी निळ्या टर्फवर पाण्याचे फवारे उडतात, तेव्हा तापलेल्या रबराला एक ओलसर, किंचित कडवट वास सुटतो. व्यावसायिक हॉकी लीगमधल्या माझ्या पहिल्या सामन्याच्या दिवशी तो वास छातीत भरून घेत मी मैदानाच्या कडेला उभी होते. अंगावर नवी जर्सी, पाठीवर ‘आर. म्हात्रे’. ज्या क्षणासाठी अर्धं आयुष्य घासलं, तो समोर उभा असताना आनंदाऐवजी मनात संभ्रमाचं धुकं का दाटावं? ही आर. म्हात्रे नेमकी कोण?

तुम्हाला सांगते, बंदराजवळच्या जासई गावातल्या आमच्या शाळेत नववीच्या एकाच वर्गात दोन आर. म्हात्रे होत्या. मी रूपाली आणि ती रेश्मा. नात्याच्या नव्हे, आमच्याकडे निम्म्या गावाचं आडनाव तेच. शाळेमागच्या मैदानावर कंटेनरच्या ट्रेलरांनी उडवलेली धूळ दिवसभर तरंगत असे आणि त्या धुळीत तांडेल सर आम्हा मुलींना हॉकी शिकवीत. मी धावायचे जिवाच्या आकांतानं. रेश्मा मात्र खेळायची. माझ्या श्रमांत आणि तिच्या सहजतेत केवढं अंतर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

जिल्हा संघाच्या निवडीसाठी शाळेतून एकीलाच पाठवायचं होतं. फलकावर नाव लागलं, ‘आर. म्हात्रे’. रेश्मा त्या दिवशी शाळेत नव्हती. मी सरांकडे गेले आणि विचारलं, “सर, किती वाजता यायचं?” ‘कोणती म्हात्रे’ असं विचारलं नाही. वहीतून मान वर न करता सर म्हणाले, “सहाला. पाण्याची बाटली आण.” दुसऱ्या दिवशी पहाटे जीपपाशी मला पाहून ते क्षणभर थबकले. मग म्हणाले, “बस.” तो क्षणभराचा थांबा मी आजवर किती वेळा उलगडून पाहिला असेल!

पुढचं सगळं मात्र खरं माझं. जिल्हा, मग राज्य. क्रीडा वसतिगृहातला तो एकाकी, कठोर दिनक्रम. एकदा मोडलेलं बोट, दोनदा दुखावलेला गुडघा. खेळाडूंच्या कोट्यातून बेलापूरच्या एका कार्यालयात मिळालेली नोकरी आणि सरतेशेवटी लीग. हा घाम कुणी मला उसना दिला नव्हता. पण ज्या दारातून मी आत शिरले, ते दार दुसरीसाठी उघडलं असेल, तर आतलं घर कुणाचं? प्रयत्नांनी प्रारंभ शुद्ध होतो का? गोल केल्यावर मैत्रिणी मिठ्या मारत, तेव्हाही हा प्रश्न मनात कुठेतरी टोचत असे.

लीगचा हंगाम संपल्यावर एका दुपारी मी न्हावा शेव्याला गेले. रेश्मा तिथे एका कस्टम एजंटच्या ऑफिसात काम करते. चहाच्या टपरीवर, ट्रकांच्या गदारोळात, मी एका दमात सगळं सांगून टाकलं. ती शांतपणे चहा फुंकत राहिली.

“मना म्हाईत हाय,” ती म्हणाली. “सर तुमी जिल्ह्यावरून आल्यावर घरी आलते. ‘चूक झाली, पुढच्या वेलेला तुला नेतो’ बोलले. मीच नाय बोलले.”

“का?”

“नको व्हता खेल. का नको व्हता, ता आता नाय आठवत.”

मला हायसं वाटायला हवं होतं. पण माझ्याकडे रोखून बघत तिनं विचारलं, “पन ह्या तू मना आज का सांगतंस? सगला मिलून झाल्यावर?”

तिनं कप ठेवला, माझ्या खांद्यावर हलकेच थोपटलं आणि “येतंय गो, साहेब बोंबलंल,” म्हणत ती ऑफिसात निघून गेली.

ती सांगत होती ते खरं होतं, की माझं ओझं उतरवण्यासाठी तिनं ते त्याच घडीला रचलं होतं? तांडेल सर आता हयात नाहीत, विचारू कुणाला? आणि मी तरी तिथे कशासाठी गेले होते, सत्यासाठी की सुटकेसाठी? बसमध्ये खिडकीशी बसून मी या प्रश्नांचे धागे उकलत राहिले आणि ते अधिकच गुंतत गेले. आपल्या आयुष्यावरचा आपला हक्क कुणी दुसऱ्यानं सही करून द्यायचा असतो का? आणि कुणी दिलाच, तरी त्या सहीवर विश्वास ठेवता येतो का?

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या हंगामाचा सराव सुरू होणार होता. जावं की नाही, याचा निर्णय रात्रीपर्यंत झाला नव्हता. खरं तर अजूनही झालेला नाही. सकाळी मात्र मी बूट बांधले, आणि उशीर होऊ नये म्हणून नाक्यावरून रिक्षा केली.