विसावं नाव

आमच्या वसतिगृहाच्या खोलीत दोन खाटा, दोन टेबलं आणि एक मोठा माणूस होता. तो मोठा माणूस मी नव्हे, माझा खोलीसोबती. त्याचं खरं नाव हजेरीपटावर आहे, तिथंच सुखानं राहू दे; आम्ही त्याला तक्तेसाहेब म्हणायचो. कायद्याची पुस्तकं तो उशाला घ्यायचा, मानेला बरं पडतं म्हणून. रोज वाचायचा तो भिंतीवर डकवलेला, कुठल्या विषयाला किती नावं आली त्याचा तक्ता.

तक्त्यामागे कॉलेजचा एक नियम होता. वरच्या वर्षांना, वर्गात वीस किंवा जास्त डोकी असली की पाचांत एकालाच 'अ' मिळायचा. विसांत चार. पाचव्यानं कितीही चांगला पेपर लिहिला तरी त्याच्या पदरात 'ब', आणि सगळ्यांनीच गवत उपटलं असलं तरी पहिल्या चौघांना 'अ' ठरलेला. वीसच्या आत वर्ग असेल तर मास्तर मुखत्यार. ज्ञान असं पायलीनं मोजायची अक्कल कुणाची, ते कुणी सांगत नाही. बहुधा तो शहाणा स्वतः चौथा आला असावा.

तक्तेसाहेबाला एक 'अ' हवाच होता. त्याच्या मामानं एका नावाजलेल्या वकिलाकडे शब्द टाकला होता. वकील म्हणाले, या सहामाहीत एका तरी विषयात 'अ' आण, मग माझ्या हाताखाली उमेदवारीला ये. आईनं ही बातमी सगळ्या नात्यागोत्यात पोचवूनही टाकली. 'अ' तेवढा यायचा बाकी होता.

दुसरा कुणी अभ्यासाला बसला असता. साहेब पेन्सिल घेऊन बसले.

त्यानं मृत्युपत्रांच्या कायद्याचा विषय हेरला. शिकवणारे सर असे हात आखडून गुण देणारे, की वीसच्या आतल्या वर्गात सहा वर्षांत एकालाही 'अ' दिलेला नव्हता. नावं आली होती सतरा.

"तीन माणसं हवीत," तो म्हणाला. "वीस झाले की सरांचे हात बांधले. मनात असो नसो, चार द्यावेच लागतील."

"आणि त्या चारांत तू?"

"सतरांत माझ्यापुढे फक्त तिघं आहेत. मी चौथा."

"नवे तिघं तुझ्यापुढे गेले तर?"

त्यानं माझ्याकडे फार मायेनं पाहिलं. "तूच घे ना हा विषय."

लहान गावातल्या शाळेतून आलेल्याला कुणी आपणहून बोलावलं की बरं वाटतं. मी घेतला. पंधरा दिवसांनी तक्ता नीट पाहिला, तर खाली 'गाळ' असा रकाना होता आणि त्यात पहिलं नाव माझं.

दुसरं नाव पैलवानाचं. तो वर्गात यायचा तो सावलीसाठी. तिसरं, म्हणजे एकूण विसावं, नाव ताईंचं. ताई पन्नाशीच्या. एका वकिलाच्या कार्यालयात सकाळी टाइपिंग करून दुपारी वर्गाला यायच्या, जाड चष्मा लावून पहिल्या बाकावर बसायच्या आणि दर पाच मिनिटांनी म्हणायच्या, "सर, ते परत सांगता का?" एवढ्यावरून साहेबानं त्यांची किंमत केली. त्यांचा अर्ज कॉलेजच्या खिडकीवर तो स्वतः घेऊन गेला.

"मला जमेल ना रे?" ताईंनी विचारलं.

"सोपा विषय आहे ताई. मी आहे ना."

"तू आहेस तर मग काय."

मध्येच पैलवान विषय सोडायला निघाला. तो सुटला की उरले एकोणीस. तक्तेसाहेब त्याला रोज दुपारी कँटीनमध्ये घेऊन बसू लागला. साक्षीदार किती, सही कुठं, खाडाखोड केली तर काय. आपल्या आईलाही त्यानं एवढं समजावून सांगितलं नसेल. गाळ तळाशी टिकवायला एवढी मेहनत घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

निकाल लागला. पहिल्या ताई. याचं नवल फक्त साहेबालाच होतं. बावीस वर्षं त्यांनी मृत्युपत्रंच टाइप केली होती. कुठं भावंडं भांडतात आणि कुठल्या वाक्यावरून, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. वर्गात परत विचारायच्या ते सर चुकले की. पुढची तीन नावं ठरलेल्या तिघांची. पाचवा तक्तेसाहेब, 'ब'. मी नववा, पैलवान बारावा. गाळ म्हणून बरा वर आला होता.

तो मला ओढत सरांच्या खोलीत घेऊन गेला.

"सर, माझा पेपर एकदा बघाल का?"

"बघितलाय. चांगला आहे," सर म्हणाले. "मी त्याला 'अ'च दिला होता."

"मग?"

"पाच जणांना दिला होता. कॉलेजच्या कार्यालयानं यादी परत पाठवली. वीस मुलं आहेत, चारच द्या म्हणाले. एकोणीस असते तर तुझा राहिला असता."

"पण सर, तुम्ही लहान वर्गात 'अ' देत नाही ना?"

"कुणी लिहिलंच नाही तर देऊ कुणाला?" सरांनी चष्मा काढला. "पैलवानाला शिकवता शिकवता तुझं बरंच पक्कं झालेलं दिसतंय. असंच चालू ठेव."

बाहेर ताई उभ्या होत्या. "तू अर्ज नेला नसतास तर मी काही हा विषय घेतला नसता रे," म्हणाल्या आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

वकिलांकडची जागा गेली. आईनं नातेवाइकांना काय सांगितलं ते मी विचारलं नाही. आठवडाभर भिंत मोकळी होती. मला भाबडी आशा वाटली, की आता उशाची पुस्तकं उघडतील.

पुढच्या सहामाहीच्या पहिल्याच दिवशी भिंतीवर नवा तक्ता आला. साहेब माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"करार कायद्याला एकवीस नावं आलीत," तो म्हणाला. "तू आणि पैलवान सोडा ना हा विषय."