काठोकाठ बशी

जानेफळच्या बसस्टँडसमोर शालूबाईंचं चहाचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे वर चार पत्रे, खाली दोन बाकडी आणि मधे शालूबाई. उजव्या बाकड्याच्या टोकाला सकाळपासून भगवंतराव बसलेले असतात. सत्तरीला टेकलेला हा माणूस पिकवतो वांगी, पण त्याचा जीव रमतो दुसऱ्यांच्या भांडणात. कुणाचं कुणाशी वाजलं की चप्पल पायात सरकवायच्या आत भगवंतराव तिथे पोचलेले. दुसरा कोणी असता तर गावानं त्याला चोंबडा म्हटलं असतं. यांना मात्र सगळे मानतात, कारण ते भांडण खरोखर मिटवतात.

मिटवायची त्यांची रीतही सोपी. दोघांना शालूबाईंच्या बाकड्यावर आणायचं आणि दोघांत मिळून एकच चहा सांगायचा, तोही उकळता. मग बशी अगदी काठोकाठ भरेपर्यंत बशीत ओतायचा आणि उरलेला कपात ठेवायचा. जो जास्त चिडलेला त्याच्या हातात बशी, दुसऱ्याच्या हातात कप. बस, एवढंच.

काठोकाठ भरलेली बशी हातात आली की भल्या भल्या माणसाची पंचाईत होते. दोन्ही हात गुंतले म्हणजे हातवारे बंद. नजर चहावर, म्हणजे डोळे वटारणं बंद. जोरात बोलावं तर चहा मांडीवर, आणि उकळता चहा मांडीवर घेऊन कोणालाच मोठेपणानं बोलता येत नाही. मग तो बिचारा नुसता फुंकर मारत राहतो, आणि तेवढ्यात कपवाला आपली बाजू सांगून मोकळा होतो. नंतर दुसरा चहा यायचा, हातांची अदलाबदल व्हायची. कलाबाईंच्या बकरीनं शेजारच्या लग्नाच्या मांडवाचा अर्धा डहाळा खाल्ला, तेव्हा दोन घरं एकमेकांचं तोंड पाहत नव्हती. तीन बशांत ती बकरी निर्दोष सुटली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी नळाला पाणी येईनासं झालं आणि शालूबाईंनी सगळ्या कपबशा गोणीत बांधून घरच्या माळ्यावर टाकल्या. त्यांच्या जागी कागदी कपांची चवड आली.

"शालूबाई, हे डिस्पोजल काऊन आणलं?" भगवंतरावांनी विचारलं.

"पानी कुठं हाय भगवंतराव? तुमच्या बशा कोन धुवन? तुमी धुता का?"

भगवंतरावांनी चवडीतला एक कागदी कप उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि परत ठेवून दिला.

त्याच आठवड्यात फवारणीच्या पंपावरून भांडलेले दोघे त्यांच्यापुढे आले. भगवंतरावांनी एकेकाच्या हातात कागदी कप दिला. एकानं तो दोन बोटांत धरला आणि मोकळ्या हातानं दुसऱ्याच्या खानदानाकडे बोट दाखवायला सुरुवात केली. दुसऱ्यानं चहा एका घोटात संपवला, कप चुरगळून फेकला आणि मोटरसायकलला किक मारली. पहिला आपला कप घेऊनच त्याच्या मागे पळाला. भांडण चहासकट निघून गेलं आणि बाकड्यावर एकटे भगवंतराव उरले.

त्यांना स्वतःच्या नावाची काळजी होतीच, पण खरं दुखणं वेगळं होतं. जानेवारीपासून त्यांचा आणि उत्तमरावांचा अबोला होता. उत्तमराव म्हणजे शाळेच्या पहिल्या दिवसापासूनचा सोबती. शेताला शेत लागून, बाकड्याला बाकडं लागून. जानेवारीत भगवंतरावांच्या शेतात भरीत पार्टी झाली. तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजली, पन्नास माणसं जेवायला बसली, आणि उत्तमरावांनी भर पंगतीत भाकरीवरचं भरीत बोटानं बाजूला सारत म्हटलं, "भगवंता, तुह्या वांग्यात बिया झाल्या बे." पंगत खो खो हसली. वांगी पिकवणाऱ्या माणसाला शिवी दिलेली चालते, पण त्याच्या वांग्यात बिया काढलेल्या चालत नाहीत. तेव्हापासून बोलणं बंद.

भगवंतरावांचा बेत असा होता की उत्तमराव कधीतरी या बाकड्यावर येणारच. आले की त्यांच्या हातात काठोकाठ बशी द्यायची आणि आपण जानेवारीपासून पाठ केलेलं सगळं त्यांना शांतपणे ऐकवायचं. आता उत्तमराव आले तरी बशी कुठून आणायची?

सुट्टीला अमरावतीहून नात आली होती. अपेक्षा तिथे एमबीए करत होती आणि तिला एक निबंध लिहायचा होता. रात्री जेवताना ती म्हणाली, "आबा, डिसरप्टिव्ह टेक्नॉलॉजीवर लिहायचंय. म्हणजे असं नवीन तंत्र, जे आलं की जुना सगळा कारभारच मोडतो."

"मंग त्या डिस्पोजल कपावर लिही," आबा ताडकन म्हणाले.

अपेक्षा हसली. "आबा, तो नुसता कप आहे. मोबाइल आला आणि माणसाला चालता चालता बोलता यायला लागलं, त्याला म्हणतात तसं तंत्र."

"अन् चालता चालता चहा प्यायले आधी येत होतं का? बशी घेऊन पळून दाखव बरं मले."

अपेक्षा विचारात पडली. ती हुशार पोरगी, तिनं पुस्तकी निकष लावून पाहिले: वस्तू स्वस्त हवी, सुरुवातीला जुन्यापेक्षा कमअस्सल हवी, आणि जुन्या धंद्यातल्यांनी तिला हसलेलं हवं. कागदी कपाला तिन्ही लागू पडले. "पण आबा, मोडलं काय त्यानं? कोणता धंदा बुडाला?"

"माहा बुडाला!"

आबांच्या पत्नी मंजुळाबाई इतका वेळ भाकरी थापत होत्या. त्यांनी तव्यावरची नजर न काढता निकाल दिला. "कप काय अन् बशी काय! यायले उत्तम भाऊजींची आठवण येऊन राह्यली. सरळ घरी जाऊन भेटाव, तं कमीपना वाटते."

भगवंतराव भरभर पाणी प्याले आणि उठले. त्याच पाण्याच्या निमित्तानं त्यांनी फळीवरच्या बशांकडे पाहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शालूबाईंनी बातमी दिली. उत्तमराव लेकाकडे पुण्याला चालले होते, आणि लेक त्यांना दिवाळीपर्यंत सोडणार नव्हता. त्याच सकाळच्या मेहकर गाडीनं निघणार. भगवंतराव तसेच घरी पळाले आणि मंजुळाबाईंच्या माहेरची निळ्या फुलांची बशी सदऱ्याखाली लपवून परतले. कपाचा कान कधीच तुटला होता, पण बशी धडधाकट होती.

उत्तमराव आले ते नवी कोरी पॅन्ट घालून, हातात पिशवी घेऊन. गाडी समोर उभीच होती. त्यांनी बाकड्याकडे न पाहता शालूबाईंकडून कागदी कप घेतला आणि ते गाडीच्या दिशेनं वळले. भगवंतराव बाकड्यावरून ताडकन उठले. हा माणूस चहासकट पुण्याला चालला, आणि कागदी कपामुळे त्याला थांबायचं कारणच उरलं नाही.

"दोन चहा, लवकर!" ते ओरडले. दोन कागदी कप त्यांनी बशीत रिते केले, बशी काठोकाठ भरली, आणि ती दोन्ही हातांत धरून ते एकेक पाऊल टाकत उत्तमरावांसमोर आडवे झाले.

"धर," ते पुटपुटले.

उत्तमरावांनी बशीकडे पाहिलं. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात कप. "मी कायले धरू? बशी तं जास्त चिडलेल्याची असते ना?"

"मंग तूच धर!"

"मी कुठं चिडलो? चिडला तं तू हायेस. जानेवारीपासून तोंड फिरवून बसला."

"मी?" असं भगवंतराव जोरात म्हणाले मात्र, आणि चहाचा ओघळ त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला. त्यांनी दात आवळले. शालूबाईंनी भट्टीमागून कायदा सांगितला, "बरोबर हाय. बशी भगवंतरावाचीच. आता उत्तमरावानं बोलाव."

आयुष्यात पहिल्यांदा भगवंतराव बशीच्या या बाजूला उभे होते. हात हलत नव्हते, तोंड उघडत नव्हतं, आणि सगळा बसस्टँड बघत होता. त्यांनी फुंकर मारायला सुरुवात केली.

उत्तमरावांनी पिशवी खाली ठेवली. "ऐक बे भगवंता. वांग्यात बिया होत्या. काऊन होत्या, ते सांगतो. तोडायच्या दिवशी तू कलाबाईची बकरी सोडवत बसला. दुसऱ्या दिवशी कोनाचं तरी कोंबडं. वांगे झाडावर जून झाले. लोकायचे भांडनं मिटवता मिटवता तुले तुहं वावर दिसत नाई, अन् मी बी दिसत नाई. त्या पार्टीच्या आधी पंधरा दिवस मी या बाकड्यावर येऊन बसायचो. तू कोनाच्या तरी बशीत चहा ओतत राहे. मले काई भांडन नव्हतं ना! म्हनून मले बशी नाई, कप नाई. मंग म्या भांडन केलं."

कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. कागदी कप हातात होता, माणूस आरामात गाडीत चढू शकत होता. उत्तमराव जागचे हलले नाहीत. गाडी निघून गेली, तरी त्यांनी मान वळवली नाही.

भगवंतरावांचे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून ते तसेच वाहू दिले.

"आता आन इकडं," उत्तमराव म्हणाले आणि कागदी कप खाली ठेवून बशी त्यांनी स्वतःच्या दोन्ही हातांत घेतली. "मी धरतो. तुही पाळी. बोल."

जानेवारीपासून पाठ केलेलं भाषण होतं. त्यात बियाण्याच्या जातीपासून उत्तमरावांच्या कवळीपर्यंत सगळं होतं. भगवंतरावांनी घसा खाकरला. शालूबाईंनी भट्टी बारीक केली.

"होत्या बिया," भगवंतराव म्हणाले.

उत्तमराव इतक्या जोरात हसले की अख्खी बशी त्यांच्या नव्या पॅन्टवर रिती झाली. मग दुसरी गाडी आली आणि गेली, तिसरीही आली आणि गेली. अशा पॅन्टीनं पुण्याला कसं जायचं, असं म्हणत उत्तमराव बाकड्यावरच बसून राहिले, आणि पॅन्ट केव्हाच वाळली होती हे त्यांना कोणीही सांगितलं नाही.